हा आम रस्ता नाही

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईत पायधुणीच्या नाक्यावर उभे राहिले की कोणत्या दिशेने चटकन सुटका होईल असाच विचार मनात येतो. हातगाड्या, टॅक्सी, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि वरून धडधडत जाणारा उड्डाणपूल. या गर्दीत नावाकडे कोण लक्ष देणार? पण नाव मोठे बोलके आहे. सातापैकी दोन बेटांमधल्या खाडीतून, ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत आलेली माणसे येथे पाय धूत आणि मग गावात शिरत, म्हणून ही पायधुणी, असे परंपरेने सांगतात. जवळच उमरखाडी आहे. तिथे आता खाडी नाही, पण नावात ती शिल्लक आहे.

मित्रहो, शहराचा इतिहास आपण बहुधा राजांचा, गव्हर्नरांचा, इमारतींचा म्हणून वाचतो. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे असेल, पण मला शहर दिसते ते रस्त्यांच्या जाळ्यासारखे. कोणता रस्ता किती रुंद, हा प्रश्न त्यात दुय्यम. कोणता रस्ता कोणत्या रस्त्याला मिळतो, हा खरा प्रश्न. मुलांना मी एक अभ्यास देत असे. घरापासून शाळेपर्यंत किती नाके लागतात ते मोजा आणि प्रत्येक नाक्यावर किती वाटा फुटतात ते लिहून आणा. जिथे चार वाटा फुटतात तिथे माणसाला निवड असते. तीन फुटल्या तर निवड थोडी कमी. आणि जिथे बोळ भिंतीवर जाऊन थांबतो, तिथे आल्या पावली मागे फिरायचे. शहरात चौक जास्त की बंद बोळ जास्त, यावरून ते शहर जोडलेले की तुटलेले हे बऱ्यापैकी कळते. या विचाराचे मूळ ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली सोडवलेल्या सात पुलांच्या कोड्यात आहे. कोनिग्सबर्ग गावचे सातही पूल, कोणताही पूल दोनदा न ओलांडता, एका फेरीत पार करता येतील का, असे ते कोडे. येत नाहीत, हे त्याने दाखवून दिले. त्याला सात पूल मिळाले, आपल्याला सात बेटे.

ही बेटे एकमेकांना जोडण्यात सव्वाशे-दीडशे वर्षे गेली. सर्वांत मोठे खिंडार महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मध्ये होते. तिथून भरतीचे पाणी आत शिरे आणि आजच्या भायखळा-कामाठीपुऱ्याचा सखल भाग बुडवून पार पायधुणीपर्यंत येई. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना तिथे बांध घालण्याचे काम झाले आणि १७८४ च्या सुमारास ते पुरे झाले. बांध पुन्हा पुन्हा खचत होता, मग रामजी शिवजी नावाच्या प्रभू ज्ञातीच्या गृहस्थाला दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीची मूर्ती निघाली आणि त्यानंतरच बांध टिकला, ही महालक्ष्मीची कथा मुंबईच्या घराघरांत सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी बांध खरा आहे. आज आपण त्याला लाला लजपतराय मार्ग म्हणतो. एक भिंत घातली आणि अनेक बेटांमधल्या चिखलाची जमीन झाली. जमीन झाली म्हणून तिच्यावर रस्ते आले आणि रस्ते आले म्हणून नाके आले.

मग एकेक दुवा जोडला गेला. १८०३ मध्ये गव्हर्नर डंकनच्या काळात शीवचा बांध पुरा झाला आणि बेटावरची मुंबई साष्टीला जोडली गेली. १८३८ मध्ये कुलाबा जोडला गेला. १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला आणि वांद्र्याला कोरड्या पायांनी जाता येऊ लागले. या माहीमच्या बांधापाशी मला थोडे थांबायचे आहे. त्यापूर्वी माहीमहून वांद्र्याला होडीने जावे लागे आणि पावसाळ्यात त्या होड्या उलटत. पूल हवा, हे सर्वांना मान्य होते, पैसे मात्र द्यायला सरकार तयार नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या आणि त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या काळचे दीड लाख! त्यांनी एक अट घातली, या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. शीवच्या बांधावर टोल होता आणि तो पुढे अनेक वर्षे घेतला गेला. म्हणजे रस्ता बांधला की तो आपोआप सर्वांचा होतो असे नाही, ही गोष्ट त्या बाईंना १८४० च्या दशकातच उमगली होती. मुंबईच्या रस्त्यांचा इतिहास लिहिताना मी त्या अटीला बांधापेक्षाही मोठे मानतो.

बेटे जोडली गेली तरी शहर आतून तुटलेलेच होते. कोटाच्या तटाभोवती खंदक आणि त्याच्यापुढे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवलेले मैदान. मैदानापलीकडे काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव. तटातून आत जायला मोजके दरवाजे. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला गेला आणि कोट व बाहेरचे गाव यांच्यामध्ये सरळ रस्ते निघाले. चर्चगेट या नावातला गेट तेव्हाच गेला, पण स्टेशनाच्या पाटीवर तो आजही आहे.

आणि गिरगाव? कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली झालेली मुंबईची बारीक मोजणी १८७२ मध्ये पुरी झाली. ते नकाशे पाहताना गिरगावाचे गुपित कळते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. ही सगळी एकेकाळची बागायत आणि शेते. प्रत्येक वाडीला तिच्या मालकाचे एक दार, ते मुख्य रस्त्यावर उघडणारे. आत विहीर, झाडे आणि मागे दुसऱ्याच्या वाडीची हद्द. पुढे झाडे गेली, चाळी आल्या, पण हद्दी तशाच राहिल्या. म्हणून गिरगावात शेजारच्या वाडीतल्या माणसाला भिंतीवरून हाक मारता येते, पण त्याच्या घरी जायचे तर आधी हमरस्त्यावर यावे लागते, तिथून पुढच्या दाराशी आणि मग पुन्हा आत. वाडीचे घट्ट जग, तो एकोपा, तो गणेशोत्सव याचे श्रेय मी थोडेसे या बंद बोळाला देतो. जिथून परका माणूस जात नाही तिथे अंगणासारखे वागता येते. तेव्हा बंद बोळ वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. सगळे शहर बंद बोळांचे झाले तर मात्र पंचाईत होते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. रेल्वेने मुंबई घडवली हे आपण सर्वजण म्हणतो आणि ते खरेच आहे. पण याच रेल्वेने मुंबई उभी चिरली, हे फारसे कोणी म्हणत नाही. आधी मध्यची लाईन, दशकभराने पश्चिमेची, दोन्ही दक्षिणोत्तर. उत्तरेकडे जाणे सोपे झाले, पूर्व-पश्चिम जाणे कठीण. त्यानंतर रुळांच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांना जोडणारे फक्त फाटक किंवा पूल. कर्नाक पूल, फ्रिअर पूल, केनेडी पूल, पुढे सँडहर्स्ट पूल, टिळक पूल. आपण त्यांना दगडी बांधकामाचे जुने नमुने म्हणून पाहतो. खरे तर ते शिवणीचे टाके आहेत. मुंबईकर आजही पत्ता सांगताना ‘ईस्ट की वेस्ट’ असे आधी विचारतो. जगातल्या किती शहरांत हा प्रश्न इतका जिवाचा असेल!

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडले. सरकारला वाटले, रोगाचे मूळ दाट वस्तीतल्या कोंदट हवेत आहे. म्हणून १८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपले वडीलधारे त्याला नुसते ‘ट्रस्ट’ म्हणत. ट्रस्टने नकाशावर सरळ रेघा ओढल्या. चौपाटीकडून पूर्वेला डोंगरीपर्यंत सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. क्वीन्स रोडकडून आत प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग. क्रॉफर्ड मार्केटकडून उत्तरेला सिडनहॅम रोड, म्हणजे आपला मोहम्मद अली रस्ता. समुद्राचा वारा या रस्त्यांनी आत शिरेल आणि रोग पळेल, अशी कल्पना होती. गंमत अशी की त्याच १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमोंद हा फ्रेंच डॉक्टर प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे प्रयोगाने दाखवत होता. पिसवांना वाऱ्याचे काय!

कारण चुकीचे होते, तरी काम टिकले. या रस्त्यांनी शेकडो बोळांना तोंड दिले. जिथे आधी वळसा होता तिथे चौक झाला. शंभर वर्षांनंतरही दक्षिण मुंबईची पूर्व-पश्चिम वाहतूक बरीचशी त्यांच्याच जिवावर चालते. पण याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. ट्रस्टने घरे पाडली भराभर आणि नवी बांधली सावकाश. हटवलेली माणसे लांब जाऊ शकत नव्हती, कारण रोजी जवळच होती. ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. नकाशावर रस्ता मोकळा दिसतो, त्यातून गेलेली बिऱ्हाडे नकाशावर दिसत नाहीत. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

ट्रस्टचे सर्वांत चांगले काम जिथे पाडायला काही नव्हते तिथे झाले, म्हणजे दादर-माटुंग्याला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. तिकडे पत्ता शोधताना चुकलात तरी घाबरू नका, पुढच्या गल्लीतून बाहेर पडताच. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली वांद्रे, खार, सांताक्रूझकडे तसेच घडले. खारच्या रस्त्यांना तर नावांआधी आकडेच मिळाले. जमीनमालकांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, आधी रस्ते आखायचे आणि मग प्रत्येकाला चौकोनी तुकडा परत द्यायचा, अशी ती साधी युक्ती. माझ्या मते मुंबईच्या इतिहासात रस्त्यांना इतका मान पुन्हा मिळाला नाही. स्वातंत्र्यानंतर उपनगरे ज्या वेगाने वाढली त्या वेगाने ही युक्ती वापरली गेली नाही. एकेक जमीन, एकेक लेआउट, एकेक फाटक. विकास आराखड्यात तुटक रेघांनी दाखवलेले डीपी रस्ते अर्ध्यावर येऊन भिंतीला टेकलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. हे केवळ आपलेच दुखणे नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या रस्त्यांचा शतकभराचा हिशेब २०१५ मध्ये मांडला. विसाव्या शतकात बराच काळ तिथले नवे रस्ते एकमेकांना कमी कमी जोडलेले होत गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ते चित्र थोडे उलटू लागले, असे त्यांना दिसले. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार पटते. इमारत पडते आणि पुन्हा बांधली जाते, पण रस्त्यांचा साचा एकदा पडला की तो पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही.

साचा बदलण्याची संधी शहराला क्वचित मिळते. मुंबईला ती मिळाली होती, गिरणगावात. परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या भागांत पन्नासहून अधिक गिरण्या होत्या. एकेका गिरणीभोवती उंच भिंत. रस्ते भिंतीला वळसा घालून जात. कामगाराला त्याची अडचण नव्हती, कारण त्याला गिरणीतच जायचे होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या बहुतेकांसाठी ते दार पुन्हा उघडलेच नाही. पुढे जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या नियमावलीत तरतूद झाली की गिरणीच्या जागेचा विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यावी. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली गेली. तिने सुचवले की प्रत्येक गिरणीचा सुटा विचार करू नका. जमिनी एकत्र मांडा आणि त्यांतून शहराच्या उपयोगाच्या मोकळ्या जागा आणि वाटा काढा. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जागेची करायची, बांधकामाखालच्या जागेची नाही, असे ठरले. गिरणीत रिकामी जागा असणार किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

परिणाम आपल्यासमोर आहे. भोंगा गेला, भिंत राहिली. आत काचेच्या इमारती, मॉल, उपाहारगृहे. गिरणीच्या कामगारांपेक्षा वेगळी, पण तेवढीच मोठी गर्दी रोज स्टेशनावर उतरू लागली आणि तिला जायला रस्ते तेच, एकोणिसाव्या शतकातले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर माणसे दाटली आणि चेंगराचेंगरीत २३ जण मेले. त्या दिवशी सगळे जिन्याच्या रुंदीबद्दल बोलत होते. मी म्हणत होतो, त्या माणसांना दुसरी वाट कुठे होती?

मोठे रस्ते बांधले गेले नाहीत असे नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उड्डाणपुलांची रांग लागली. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०१४ मध्ये बऱ्याच विलंबाने सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, २०२४ मध्ये अटल सेतू आणि किनारी रस्ता. त्यांतला सांताक्रूझ-चेंबूर रस्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो आडवा आहे आणि रुळांवरून जातो. बाकीचे दोन टोके जोडतात, पण मधल्या वस्तीला शिवत नाहीत. सागरी सेतूवर पायी जाता येत नाही, रिक्षा नाही, दुचाकी नाही. अवाबाईंनी टोलची अट घातली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण असेल. तिला या नव्या पुलांवर प्रवेश नाही.

आणि हे चालू असताना छोटे टाके उसवत राहिले. आमच्या भागातच दोन वाड्यांच्या मधल्या भिंतीत एक फट होती, एका वेळी एक माणूस जाईल एवढी. बायका बाजारातून येताना तिथूनच येत, मुले शाळेला तिथूनच जात. पुनर्विकासात नवी इमारत आली, तिचा वाहनतळ आला आणि फट बुजली. ‘हा आम रस्ता नाही’ अशी पाटी लागली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड, बिनविरोध वापराला हक्काचे रूप देण्याची तरतूद आहे. आपण मराठीत त्याला ‘वहिवाट’ म्हणतो, शब्दातच वाट आहे. पण वहिवाट सिद्ध करायची कोणी? कोर्टात जायला कोणाला सवड? एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी मला सांगितले, ‘मास्तर, नकाशात ती फट होतीच कुठे?’ त्यांचे खरे होते. लॉटनच्या नकाशातही ती नव्हती.

रुळांवरच्या पुलांचे तर विचारूच नका. जानेवारी २०१६ मध्ये हँकॉक पूल पाडला आणि नवा खुला व्हायला २०२२ उजाडले. मधल्या काळात माझगाव-डोंगरीकडची माणसे रूळ ओलांडत होती. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. मग सगळ्या जुन्या पुलांची तपासणी झाली आणि त्याच महिन्यात लोअर परळचा डिलाईल पूल बंद झाला, तो पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ यावा लागला. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला मिळेना, दोघांच्या उंचीत मीटरभराहून अधिक फरक! जोडण्यासाठी बांधलेले दोन पूल एकमेकांसमोर अबोला धरून उभे राहिले. ते जुलैत जोडले गेले. दीडशे वर्षांहून जुना कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, तो सिंदूर पूल या नावाने जुलै २०२५ मध्ये परत आला. एकच टाका उसवला की त्याच्यावरचा ताण शेजारच्या टाक्यांवर जातो, आणि शेजारचेही तितकेच जुने असतात.

मग १२ सप्टेंबर २०२५ ला प्रभादेवीचा, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टनचा रस्तेपूल बंद झाला. तिथे शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल व्हायचा होता, आणि जुना शंभरी ओलांडलेला होता, त्यामुळे त्याला इलाज नव्हता. पण त्या पुलाच्या पूर्वेला परळची मोठी रुग्णालये आहेत. माझे मेव्हणे प्रभादेवीला राहतात. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परळला न्यावे लागे. घरातून निघाले की पूल चढायचा, पूल उतरायचा, की झाले. बंदच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने एकदा दादरच्या टिळक पुलावरून नेऊन पाहिले, एकदा करी रोडवरून. दोन्हीकडे गर्दी सारखीच. तिसऱ्या वेळी त्याने गाडी पश्चिमेलाच सोडली आणि वडिलांना हात धरून स्टेशनाच्या पादचारी पुलावरून चालवत पलीकडे नेले. मध्ये दोनदा ते जिन्यावर बसले. पलीकडे टॅक्सी पकडून रुग्णालयात पोहोचले तेव्हा त्यांची वेळ उलटून गेली होती आणि मशीनवर दुसरा रुग्ण होता.